दादाचं पाणी पिणं

"मग माझी किडनी गेली कुठं, तेवढं सांगा."

इनायतबाबा लिंबाखाली बसून जुन्या गोधडीला टाके घालत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"सांगा की! पोट फाडून भावाला दिली. कुठं गेली?"

जालिंदर भर उन्हातून चालत आला होता. ओठ फुटलेले, डोळे आत गेलेले. नदीकाठच्या या फकिराकडं यायचं त्याच्या मनात नव्हतंच. आईनं रडून-भांडून पाठवलं होतं. थोरल्या भावाचं, मच्छिंद्रचं, तेरावं उरकल्यापासून हा पोरगा पाणी धड घेत नव्हता. राहिलेली एक किडनी जप, पाणी भरपूर पी, असं डॉक्टरांनी बजावलेलं. आता पायांवर सूज दिसायला लागली होती.

"दिलीस तेव्हा सत्कार झाला होता ना तुझा?" बाबांनी विचारलं.

"झाला. फेटा बांधला, शाल दिली."

"त्या दिवशी नाही विचारलंस, कुठं गेली म्हणून."

"त्या दिवशी ठाऊक होतं. इथं होती." जालिंदरनं ओटीपोटाच्या उजव्या अंगाला हात ठेवला. "दादाच्या इथं. वरून हाताला लागायची. दादा म्हणायचा, हळू रे, तुझं लेकरू झोपलंय."

बाबा हसले. जालिंदर हसला नाही.

"चार वर्षं छान गेली. मग ताप आला, तो छातीत उतरला. औषधंच तसली, बाबा. अंगातली ताकद मारून ठेवायची. नाहीतर शरीर किडनीला बाहेर फेकतं म्हणे. सख्ख्या भावाची असली तरी परकीच धरतं."

बाबांची सुई थांबली.

"आणि ती चालू होती! शेवटच्या दिवशीसुद्धा. वर छाती हरली, पण खाली पिशवीत लघवी येत होती. मी डॉक्टरला म्हणलं, काढा ती, माझी आहे. कुणाला तरी बसवा, नाहीतर मला परत द्या. त्यांनी दंडाला धरून बाहेर नेलं मला."

"मग?"

"मग काय... मीच अग्नी दिला."

नदीपलीकडं कुणीतरी म्हशींना हाकारत होतं. तो आवाज लांब गेला, विरला.

"अर्धा तिथंच जळलो मी. उरलेल्याला कशाला पाणी घालू?"

बाबांनी सुई गोधडीत खोचली. गुडघ्यावर हात टेकून उठले, रांजणाचं झाकण काढलं, तांब्या बुडवला.

"मला नको," जालिंदर उसळला. "आईनं सांगितलं असंल, पाजा म्हणून. मी नाही पिणार."

"तुला कोण देतंय?" बाबांनी भरला तांब्या दोघांच्या मधे ठेवला. "डायलिसिसच्या मशीनवर होता तेव्हा दादाला पाणी किती?"

"दिवसाला अर्धा तांब्या. आई मापून द्यायची. उन्हाळ्यात बर्फाचा खडा चोखत बसायचा. कुणी प्यायला लागलं की तोंड फिरवायचा... आम्ही घरात चोरून प्यायचो, बाबा."

"आणि तुझी बसवल्यावर?"

जालिंदरचा चेहरा जरा सैल झाला. "डॉक्टर म्हणले, आता पी. सिस्टरनं गिलास आणला. दादा म्हणला, गिलास नको, तांब्या आणा! आणि असा प्यायला, असा..."

"कसा?"

"असा." त्यानं हवेतच दोन्ही हात तोंडाशी नेले.

"नाही कळलं."

"अहो, असा! मान मागं टाकून!"

"रिकाम्या हातानं मला काय कळणार? तो घे."

जालिंदरनं चिडून तांब्या उचलला. दादानं टाकली होती तशी मान मागं टाकली. दादानं मिटले होते तसे डोळे मिटले. पाणी हनुवटीवरून गळ्यावर आलं, सदऱ्यात उतरलं. दादाचंही तसंच उतरलं होतं. दादा मधे थांबला नव्हता, म्हणून तोही थांबला नाही.

रिकामा तांब्या त्यानं खाली ठेवला. बराच वेळ नुसता धापा टाकत राहिला.

"मग..." तो म्हणाला, "मग दादा हसला होता..."

ते काही त्याला दाखवता येईना. तोंड वाकडं झालं आणि खांदे हलायला लागले.

बाबांनी तांब्या पुन्हा रांजणात बुडवला, भरला, त्याच्यापुढं आणून ठेवला.

"हसायचं राहू दे आज. प्यायला कसा, तेवढं परत दाखव."