तिप्पट वेग

“पण नाना, तुम्ही माझा आवाज असा पळवताय कशाला?”

श्रीरंगराव कानविंदे अगदी कळवळून विचारत होते. तीस वर्षं रंगभूमी गाजवलेला हा माणूस आता अंधांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायचा. आणि इथे त्याचा तो भारदस्त आवाज मिरची खाल्लेल्या पोपटासारखा टिवटिवत होता!

नाना तेरवणकर जन्मांध. वय ऐंशीच्या घरात, धंदा खुर्च्या वेताने विणायचा. शेजारी सतरंजीवर साबणाच्या वडीएवढं यंत्र, ध्वनिमुद्रित पुस्तकं ऐकवणारं. हात विणायचे, कान ऐकायचे. गावातले सगळे अंध वाचक नानांना गुरू मानत. नानांनी ‘वा’ म्हटलं, की पुस्तक जिंकलं.

श्रीरंगरावांची सहा पुस्तकं नानांनी ऐकली होती. ‘वा’ एकदाही नाही. आज सातवं. निघताना बायकोला ठणकावून आले होते, “आजही गप्प बसले, तर माइक माळ्यावर टाकतो!”

“तिप्पट वेगाने लावलंय,” नाना म्हणाले. “मी असंच ऐकतो.”

“अहो, पण माझे चढउतार, माझे विराम... सगळं मातीत गेलं की!”

“श्रीरंगराव, वयाची साठ वर्षं मी पुस्तकासाठी दुसऱ्याच्या सवडीची वाट बघितली. दोन पानं आज, दोन पुढच्या महिन्यात. उपाशी माणूस ताटाची नक्षी बघत बसतो का?”

श्रीरंगरावांना ते झोंबलं. आणि खरं सांगायचं तर वाईटही वाटलं. ते खाली बसले.

यंत्र टिवटिवत राहिलं. वेत सळसळत राहिला.

...आणि एकदम नानांचे हात थांबले.

त्यांनी बटण दाबून पुस्तक मागे नेलं. मग वेग कमी केला.

आता श्रीरंगरावांचा खरा आवाज आला. गोष्टीतला म्हातारा बाप परगावच्या मुलाला पत्र लिहीत होता. ‘तू येणार म्हणून दार लोटूनच...’

पुढे काहीच नाही. नुसती शांतता. लांबून भंगारवाल्याची हाळी. मग पेल्यातलं पाणी प्यायल्याचा आवाज, आणि कसंबसं, घोगरं, ‘...लोटूनच ठेवलंय.’

श्रीरंगराव शरमून गेले.

“ते काढायचं राहिलं हो! तिथे मला आमचे बाबा आठवले. शेवटी शेवटी मला जायलाच जमलं नाही. नाटकाचा दौरा होता... आजच पुसतो तेवढं. पुन्हा झकास वाचतो.”

नानांनी जणू ऐकलंच नाही. त्यांनी पुस्तक पुन्हा मागे नेलं. तीच शांतता पुन्हा ऐकली, पूर्ण.

“वा,” ते हळूच म्हणाले.

“अहो, इथे तर मी वाचलंच नाही!”

 नानांनी हातातला वेत बाजूला ठेवला.

 श्रीरंगरावांची माइक माळ्यावर टाकायची भाषा केव्हाच विरून गेली होती.

“नाना,” त्यांनी विचारलं, “मग आठवं पुस्तक... ते तुमच्यासाठी कसं वाचू?”

नाना सतरंजीवर थोडे सरकले. शेजारची रिकामी जागा त्यांनी हाताने थोपटली.

“माझ्यासाठी नको. तुम्ही तुमचं वाचत बसा. मी शेजारी आहे.”