थंड भट्टीचा वसा

ऐका धरणीमाये, तुझी कहाणी. एका खाडीच्या काठी आटपाट नगर होतं. तिथं एक राजा होता, एक राणी होती. राजाला पांढऱ्याशुभ्र महालांची हौस. त्यापायी चुन्याच्या शंभर भट्ट्या अहोरात्र जळत. राणीला एकच लेक, चंपावती. तिला खाडीच्या मुखाशी बेटगावात दिली होती.

श्रावण आला. लेक माहेरी आली. आई म्हणाली, "बाई गं, सुकलीस किती!" लेक म्हणाली, "आई, आमच्या विहिरी मचूळ झाल्या. भरती दर वर्षी वर चढते. एक दिवस घर घेऊन जाईल."

दुसऱ्या दिवशी दारी एक म्हातारी आली. तिच्या पाठीवर फोड आले होते. राणीनं विचारलं, "आजी, हे काय झालं?" म्हातारी म्हणाली, "तुझ्या भट्ट्यांनी भाजलं. धग वर जाते, डोंगरावरचं बर्फ वितळतं, समुद्र फुगतो. लेकीचं घर राखायचं असेल तर थंड भट्टीचा वसा घे." "तो कसा घ्यावा?" "श्रावणातल्या सप्तमीला साऱ्या भट्ट्या विझवाव्या. मग निम्म्याच पेटवाव्या. पुढल्या वर्षी त्याच्या निम्म्या. उतू नये, मातू नये, उद्यावर टाकू नये."

राणीनं दरबारात गोष्ट काढली. शास्त्रीबुवा म्हणाले, "म्हातारी खरं बोलते. मी घाटाच्या पायरीवर भरतीच्या खुणा केल्या आहेत, दर वर्षी पाणी वरच चढतं." कोळशाचा व्यापारी म्हणाला, "शास्त्रीबुवा, समुद्र तुमच्या पणजोबांच्या वेळीही येत-जात होता. उकडतं तर पंखा हलवा!" दरबार हसला. राणीही हसली. राजा म्हणाला, "आधी तुमचं एकमत होऊ द्या."

वर्ष गेलं. श्रावण आला. लेक आली. "आई, खाचरांत खारं पाणी शिरलं. भात पिवळा पडला." राणी पुन्हा दरबारात गेली. आता दहा दरबाऱ्यांतले नऊ म्हणाले, धगीनंच होतं. दहावा कोळसेवाला. त्यानं तोड काढली. "सप्तमीला भट्ट्या विझवू की! पण चुना कमी पडू नये, म्हणून षष्ठीला दुप्पट जाळू. शिळ्या सप्तमीचा स्वयंपाक बायका आदल्या दिवशी करतातच ना?" सगळ्यांना पटलं. राणीलाही पटलं. षष्ठीला आभाळ काळं झालं. सप्तमीला राणीनं थंड भट्टीला हळदकुंकू वाहिलं, शिळं जेवली. वसा पाळला म्हणून समाधान पावली. अष्टमीला शंभरच्या शंभर पेटल्या.

म्हातारी आली. तिनं भट्टीच्या विटेवर हात ठेवला, चटकन काढला. "राणी, काल विझली म्हणतेस, आज पुन्हा भाजते कशी?" राणीनं मान खाली घातली. पण बोलली, "पुढच्या वर्षी नीट करीन."

तिसरा श्रावण आला. लेक आली नाही. राणीनं खण-नारळ घेतला, होडीत बसली, बेटगावी गेली. गाव कुठं दिसेना. नुसतं पाणी. देवळाचा कळस तेवढा वर. उंच बांधावर चार माणसं बसली होती, त्यांत चंपावती. राणी धावली, "बाळे, ये, ओटी भरते." लेक म्हणाली, "आई, सासरी येऊन ओटी भरायची, तर घरात भरावी ना? मी तीनदा सांगायला येणार होते. दोनदाच सांगता आलं."

राणी तिथंच चिखलात बसली. धरणीमायेला हाक मारली. म्हातारी उभी राहिली. राणीनं पाय धरले, "मी चुकले. गाव परत दे." म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं. "गेलेलं मलाही देता येत नाही गं. उरलेलं राखता येतं."

मग राणीनं काय केलं? नगरात आली, घागर उचलली, भट्टीवर ओतली. राजा म्हणाला, "पलीकडच्या राज्यात जळतात, आपणच का विझवायच्या?" राणी म्हणाली, "तिकडच्या राणीलाही लेक असेल. तिला सांगायला मी जाईन. पण घरी भट्ट्या जळत ठेवून कोणत्या तोंडानं जाऊ?" राजानं हुकूम दिला. पन्नास विझल्या, मग पंचवीस, मग बारा. पलीकडेही वसा गेला. भरती चढायची थांबेना, पण तिची धाव मंदावली. वरची सात गावं वाचली.

चंपावती माहेरीच राहिली. श्रावण सरला, साऱ्या लेकी सासरी निघाल्या. ती वेशीपर्यंत त्यांच्याबरोबर गेली, आणि एकटी मागे फिरली. राणी दारात उभी होती.

धरणीमाय राणीला उशिरा पावली, तशी तुम्हांआम्हांला वेळेत पावो. साठां उत्तरांची कहाणी पांचां उत्तरांत सांगितली, ऐकणाऱ्यांच्या हातून सुफळ होवो.