साबणाच्या डबीतला प्रोब

लॅबमधली यंत्रं अजून एकमेकांशी बोलत असत, त्या काळातली ही गोष्ट. यामिनी नावाच्या विद्यार्थिनीने साबणाच्या डबीत एक प्रोब बनवला. सर्किटमध्ये दोन ठिकाणी दोन टोकं टेकवायची आणि त्यांच्यातला विजेच्या दाबाचा फरक ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर रेघेने दाखवायचा, एवढंच त्याचं काम.

पण स्वारी पहिल्याच दिवशी परीक्षक झाली. पॉवर सप्लायला टेकला, तर पडद्यावर लाट उठली. "तुम्ही आतून थरथरताय," त्याने सुनावलं. आठवडाभर हेच चाललं: अँप्लिफायरलाही तेच, नव्याकोऱ्या बॅटरीलाही तेच. बॅटरी अगदी रडकुंडीला आली.

कोपऱ्यातला जुना मल्टिमीटर म्हणाला, "बाळा, तुझी दोन्ही टोकं जरा एकाच तारेला लाव. फरकच नसला की रेघ सपाट यायला हवी."

प्रोबने हसत हसत लावली. लाट तशीच उठली, तेवढीच उंच, तेवढीच डौलदार.

त्याने टोकं काढून पुन्हा त्याच तारेला लावली; लाट तीच. मग खालच्या आवाजात म्हणाला, "बॅटरीबाई, आठवडाभर मी माझ्याच थरथरीचा फोटो सगळ्यांना दाखवत होतो. आणि मलाच तो ओळखू आला नाही."

"कसा येणार, साहेब?" बॅटरी म्हणाली. "खाली नाव आमचं लिहीत होतात ना."