पाकीट दिलेली कुस्ती

एकदा एक पैलवान सरपंचपदाच्या निवडणुकीला उभा राहिला. बिरू त्याचे नाव. गावाचा त्याच्यावर जीव होता. मतदान चार दिवसांवर आले होते, आणि त्याच्या बाजूचे शेठजी घरोघर वाटायला कुकर भरलेला टेम्पो घेऊन थेट जत्रेतच हजर झाले होते.

बिरूने आपल्या वृद्ध वस्तादांना हे मोठ्या आनंदाने सांगितले. "मी तसाही निवडून येणारच, वस्ताद. कुकर म्हणजे आपली नुसती खात्री."

थोड्याच वेळात जत्रेतल्या कुस्तीच्या मैदानात बिरूची कुस्ती पुकारली गेली. समोर शेजारच्या गावचा शिदू. हलगी कडाडली, माणसे झाडांवर चढली. तेवढ्यात वस्ताद उठले, सगळ्या मैदानादेखत शिदूजवळ गेले आणि त्याच्या हातात एक बंद पाकीट देऊन परत येऊन बसले. शिदूने गोंधळून ते कडेला काढून ठेवलेल्या आपल्या कपड्यांवर ठेवले आणि सलामी दिली.

काय कुस्ती झाली! वीस मिनिटे कोणी कोणाला हटेना. मातीने दोघांचे चेहरे ओळखू येईनात. शेवटी बिरूने ढाक डाव मारला आणि शिदू चीतपट! बिरूने दोन्ही हात उंचावले. आता लोक खांद्यावर घेणार, फेटे उडणार...

"सेटिंग!" कोणीतरी ओरडले.

"म्हाताऱ्यानं पाकीट दिलं की! आम्ही काय आंधळं हाय व्हय?"

शिदू भडकला. "माझी पाठ काय इकत घेतली व्हय रं?" त्याने सर्वांसमोर पाकीट फाडले. आत देवाचा अंगारा होता, बाकी काही नाही. मग मागून आवाज आला, "नोटा आधीच काढल्या असतील!" आणि सारे मैदान हसले.

बिरूच्या डोळ्यांत पाणी आले. "वस्ताद, मी खरी कुस्ती मारली! तुम्ही असं का केलंत?"

"खरी मारलीस, मला ठाऊक आहे. शिदूला तर माझ्याहून जास्त ठाऊक आहे. त्याची मी हात जोडून क्षमा मागेन," वस्ताद म्हणाले. "पण बघ, पाकिटात एक रुपया नव्हता, तरी लोकांचा विश्वास उडाला. मग घरोघर कुकर गेल्यावर तुझी खरी मते कोण खरी मानील? जी माउली तुला मनापासून मत देणार होती, तिलाही वाटेल की आपण विकलो गेलो. हरणाऱ्याला पैसा जिंकवतो, हे सगळ्यांना दिसते. खऱ्या विजेत्याचा विजयही तो नासवतो, हे तुला आज दिसले."

बिरू तसाच, मातीने माखलेल्या अंगाने टेम्पोकडे धावला. "शेठजी, गाडी मागं फिरवा!"

"अरे वेड्या, हरशील!"

"हरलो तर गाव म्हणंल, बिरू हरला. जिंकलो तर म्हणंल, बिरू जिंकला. मला तेवढंच ऐकायचंय."

ड्रायव्हरने शेठजींची वाट न बघता गाडी मागे फिरवली.