सुगरणीची गोफण

सुगरणींना फक्त घरटीच विणता येत, त्या काळची ही गोष्ट. नदीपलीकडच्या वठलेल्या झाडावरचा ससाणा दर विणीला त्यांची पिल्लं उचलून नेई. म्हाताऱ्या सुगरणी म्हणत, "घरटी आणखी उंच टांगू."

तरुण पिंगी मात्र गवताची गोफण विणायला बसली.

"घरटं अर्धंच सोडलंस का गं?" म्हाताऱ्या हसल्या.

पहिले खडे तिच्याच पायाशी पडले. ती गोफण उसवायची, पुन्हा विणायची. एका सकाळी खडा नदी ओलांडून गेला आणि ससाण्याशेजारची वाळकी फांदी कडाडकन मोडली.

"आता त्यालाच मार," एक म्हातारी म्हणाली.

"कशाला, आजी? त्यानं पाहिलंय ना." पिंगीनं गोफण घरट्याच्या दारात टांगली.

त्या विणीला सगळी पिल्लं उडाली. मग तीच म्हातारी चोचीत गवत घेऊन आली. "दाखव गं, पीळ कसा घालतेस ते."