चार पदरी गाळणं

१२ डिसेंबर. डोंगरावर दाट धुकं. वारा पडलेला.

"...मग माझी दीक्षा कधी, बाबा?"

"हौसाबाईंची कॉफी झाली की," लहानूबाबा म्हणाले.

विचारणारा भार्गव, त्यांचा शिष्य. खडकवळच्या मठात दीक्षेला मंत्र नसतो. गुरू शिष्याच्या खांद्यावर पंचा टाकतात, की झालं. भार्गवचा खांदा कित्येक वर्षं मोकळाच होता.

मठाची आणखी एक रीत आहे. डोंगर चढून आलेल्याला आधी गरम काहीतरी द्यायचं, काम मागून विचारायचं. बाबांना कॉफीची भारी आवड, म्हणून एका भक्ताने कॉफीचं यंत्रच आणून दिलं होतं. बटण दाबलं की ते आपलं आपण बी दळायचं, पाणी तापवायचं, कप भरायचं.

कालपासून ते नुसतं घुरघुरत होतं. कपात थेंब नाही.

हौसाबाई पडवीत घोंगडी लपेटून बसल्या होत्या.

"महाराज," त्या भार्गवला म्हणाल्या, "चहा माझ्या घरी बी हाय. मी कॉफीसाठी चढले. आज मिळंल, का मुक्कामाला ऱ्हाऊ?"

भार्गवचे कान तापले.

"पंप गेलाय, बाबा. पुण्याला पाठवू. तोटी साफ करून पाहिली. क्षार काढायचं औषध टाकलं, तर तेही आत जाईना."

"टाकीत काय आहे?"

"पाणी. काठोकाठ."

"आणखी?"

"आणखी काय असणार?"

बाबांनी यंत्रामागची टाकी उचलली, पाणी ओतून दिलं. तळाला पाणी आत जायचं भोक. त्यावर पंच्याच्या तुकड्याची चार पदरी घडी, घट्ट दाबून बसवलेली.

"गाळणं आहे," भार्गव म्हणाला. आवाजात जरा ताठा होता. "विहिरीवर पाणी एकदा गाळतात, माठात एकदा. मी इथेही गाळतो."

"कधीपासून?"

"कालपासून. पण त्याने काय होतंय? कापडातून पाणी झिरपतंच की."

बाबांनी ती ओली घडी उचलली आणि भार्गवच्या नाकातोंडावर धरली.

"श्वास घे."

त्याने घेतला. अर्धाच आला. छाती भरेना, डोळे मोठे झाले.

"झिरपतोय ना?" बाबांनी विचारलं, आणि हात काढला.

भार्गवने टाकी विसळली, भरली, जागेवर बसवली. बटण दाबलं.

घुरघुर. पाणी नाही.

"पाहिलंत? पंपच."

"गाळण्याने पाणी अडलं, तेव्हा त्याच्या पोटात हवा शिरली. आधी तिला वाट दे."

बाबांनी बाजूची गरम पाण्याची तोटी उघडली. यंत्र खोकलं, थुंकलं, गुचक्या दिल्या... आणि धार लागली.

तोटी बंद केली, यंत्राखाली कप ठेवला, बटण दाबलं. कप भरला. भार्गवने तो दोन्ही हातांनी हौसाबाईंपुढे धरला.

त्यांनी घोट घेतला. "कडू हाय," त्या म्हणाल्या. "ऱ्हाऊ द्या, गरम हाय."

भार्गव परत येऊन उभा राहिला. या वेळी त्याने काही विचारलं नाही.

बाबांनी घडी उलगडली, पिळली, झटकली आणि त्याच्या खांद्यावर टाकली. गार पाणी पाठीवरून कमरेपर्यंत उतरलं.

"बाबा... ही...?"

"धुकं आहे," लहानूबाबा म्हणाले. "वाळायला वेळ लागेल."