सगुणामावशीची वाटी

“विषाची पुडी तर नव्हती ना ती, बाबा? मग चूक कुठं झाली?”

बाबांचा शिष्य अच्युत सकाळपासून तिसऱ्यांदा विचारत होता. गिरीबाबा चुलीवरून दुधाचं पातेलं उतरवत होते. टेकडीवरच्या त्या मठात दुपारी येईल त्याला ताक मिळायचं, म्हणून दही रोज लावावं लागायचं.

“पुन्हा सांग,” बाबा म्हणाले. “सावकाश.”

“पोटात चांगले जंतू सोडणाऱ्या कॅप्सूल. प्रोबायोटिक म्हणतात. दह्यात असतात तसलेच जंतू, फक्त कितीतरी जास्त. मी स्वतः सहा महिने घेतोय. मला थायरॉइड आहे, तरी काही झालं नाही. उलट पोट हलकं झालं.”

“आणि सगुणेला?”



सगुणामावशी टेकडीच्या पायथ्याशी राहायची. मठातलं विरजण बिघडलं की आपल्या स्टीलच्या वाटीतून नवं आणून द्यायची. वाटीच्या काठावर तिचं नाव कोरलेलं होतं. कुणाची वाटी रिकामी परत द्यायची नाही, ही तिथली रीत. कधी गुळाचा खडा, कधी चार लिंबं. मागच्या महिन्यात अच्युतनं वाटीत कॅप्सूलची डबी ठेवून दिली होती.

“अकरा दिवस झाले, ताप उतरत नाही. दवाखान्यात पडून आहे, कालपासून धड बोलतही नाही,” अच्युत म्हणाला. “रक्तात जंतू सापडलेत. डॉक्टर म्हणतात, कॅप्सूलमधलेच असावेत. असं फार क्वचित होतं म्हणे...”

“मग तिलाच का?”

“तिचा तो सांध्यांचा आजार. अंगाची राखण करणारी ताकद अंगावरच उलटते. म्हणून ती ताकद दाबून ठेवायच्या गोळ्या चालू आहेत तिला, तीन वर्षं. राखणच ढिली, मग चांगला जंतूही आत घुसला की... मला ठाऊक नव्हतं, बाबा.”

“विचारलं होतंस?”

“मी वाचलं होतं! माझा थायरॉइड आणि तिचे सांधे, दोन्ही आजार एकाच जातीचे, अंगावर उलटणारे. मला चाललं म्हणजे तिलाही...”

“वा. म्हणजे तिला न विचारताच ती तुला कळली.”



बाबांनी विरजणाचा चमचा भरला आणि पातेल्याकडे नेला. दुधातून वाफा निघत होत्या.

“अहो बाबा, थांबा!” अच्युतनं त्यांचा हात धरला. “बोट तरी बुडवून बघा आधी.”

“का? विरजण तर चांगलं आहे.”

“विरजण चांगलं असून काय उपयोग? दूध...”

वाक्य तिथंच राहिलं. बाबांच्या मनगटावरचा त्याचा हात हळूच सुटला.

...

अच्युत म्हणाला, “मी जातो इथून. लोकांना तोंड दाखवायची लायकी नाही माझी.”

“बस खाली. सगळी चूक एकटाच घेऊन चाललास होय?”

अच्युतनं वर पाहिलं.

“तिच्या त्या सांध्यांच्या गोळ्यांचं मला माहीत होतं,” बाबा म्हणाले. “तिनंच सांगितलं होतं. आणि ती पायऱ्या उतरत होती, तेव्हा वाटीतली डबीही दिसली मला.”

“मग बोलला का नाहीत?”

“सोमवार होता.”

सोमवारी बाबांचं मौन असे. बावीस वर्षांत ते एकदाही मोडलं नव्हतं.

“पण तुम्ही तर हात वर केला होता,” अच्युत चाचरत म्हणाला. “मीच मावशीला म्हटलं, बघा, बाबांचाही आशीर्वाद आहे.”

“मी थांब म्हणत होतो.”

...

“ती खालून हात जोडून हसली,” बाबा म्हणाले. “मला वाटलं, उद्या सांगू. मंगळवारी ती आली नाही. मग माझ्याही डोक्यातून गेलं. बावीस वर्षांचं मौन सांभाळलं रे मी...”

बाहेर कुणीतरी ताकासाठी हाक मारली. दोघांपैकी कुणीच उठलं नाही.

अच्युत एकदम म्हणाला, “बाबा, आजही सोमवारच आहे.”

“माहीत आहे.”

ताप चढायच्या आदल्या दिवशी सगुणामावशी पुन्हा विरजण देऊन गेली होती. तेव्हाची वाटी कोनाड्यातच होती. बाबांनी ती काढली, राखेनं घासली, धुतली, धोतराच्या सोग्यानं पुसली आणि अच्युतच्या हातात दिली.

“दवाखान्यात जा. तिची तिला देऊन ये.”

“काय घालून नेऊ?”

“काही नको.”

“रिकामी? मावशी विचारेल, बाबा. रिकामी का आणलीस म्हणून.”

बाबांनी दुधात बोट बुडवलं. अजून गरमच होतं.

“विचारू दे रे,” ते म्हणाले. “तिनं विचारलं, तर पळत येऊन मला सांग.”